रस्त्यावरून घरात आलेल्या बोक्याची एफआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार-पाच वर्षांचा एक बोका बरेच दिवस दारात येत होता, आता तो घरातच राहायला लागला आहे. नसबंदीसाठी नेलं तेव्हा रक्ताची झटपट चाचणी झाली आणि एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती हळूहळू कमी करणाऱ्या विषाणूची, चाचणी पॉझिटिव्ह आली. घरात आधीची तीन वर्षांची, नसबंदी झालेली मांजरी आहे आणि लहान मूलही आहे. कुणी म्हणालं, हा मांजरांचा एड्स आहे, इंजेक्शन देऊन झोपवून टाका. कुणी म्हणालं, जिथून आला तिथे सोडून द्या. बोका मात्र खातोय, खेळतोय. फक्त त्याच्या हिरड्या लाल आहेत आणि तोंडाला वास येतो.

त्याला झोपवू नका आणि बाहेरही सोडू नका. चाचणीने एवढंच सांगितलं आहे की विषाणू त्याच्या अंगात शिरलेला असावा. तो आजारी आहे असं ती सांगत नाही, आणि किती जगेल हे तर मुळीच नाही. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या निकालाचा कागद घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांनाही मी हेच विचारते: मांजराला आज नेमकं काय होतंय, आणि ते कुणाला चावतं का? निर्णय या दोन गोष्टींवर घ्यायचा असतो.

आधी मुलाची काळजी दूर करते. एफआयव्ही माणसाला होत नाही. लाळेतून नाही, ओरखड्यातून नाही, चाव्यातूनही नाही. या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी मांजराच्या पेशीवरचा सीडी१३४ नावाचा रेणू लागतो. माणसाचा एचआयव्ही सीडी४ या वेगळ्या रेणूला चिकटतो. घराणं एक असलं तरी दोघांचे मार्ग वेगळे आहेत. कुठल्याही मांजराने चावलं तर जखम साबणाने धुवून डॉक्टरांना दाखवायची, रेबीजची लस लागेल का ते विचारायचं, हा नियम मात्र एफआयव्ही असो वा नसो, कायम आहे.

हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो 1986 मध्ये. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी एका ठिकाणी पुष्कळ मांजरं एकत्र पाळलेली होती, त्यातल्या एका कप्प्यातली मांजरं एकामागून एक खंगत होती. त्या काळात असं दिसलं की संशय ल्युकेमियाच्या विषाणूवर, म्हणजे एफईएलव्हीवर जायचा, पण त्याच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी त्या मांजरांच्या रक्तातून हा नवा विषाणू वेगळा काढला आणि 1987 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तो जगापुढे ठेवला. तेव्हा माणसांमधल्या एड्सची भीती शिगेला पोचली होती. ती भीती मांजरांच्याही माथी आली आणि अजून उतरलेली नाही. आफ्रिकेतल्या सिंहांमध्ये आणि अमेरिकेतल्या प्यूमांमध्येही याचे भाऊबंद विषाणू फार जुन्या काळापासून आहेत.

आता तो पसरतो कसा ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या मांजरीचं भवितव्य त्यावर ठरणार आहे. एफआयव्ही लाळेत असतो, पण नुसत्या लाळेने काम होत नाही. सुळे खोल रुतणारा चावा लागतो, म्हणजे लाळ थेट मांसात आणि रक्तात उतरते. म्हणूनच हा मुख्यतः भांडणाऱ्या, नसबंदी न झालेल्या, बाहेर फिरणाऱ्या प्रौढ बोक्यांचा संसर्ग आहे. असा बोका टेबलावर आला की मी आधी गालावर, मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी केसांतून बोटं फिरवते. दाण्याएवढी खपली हाताला लागते, खाली दाबलं की गरम, घट्ट गोळा. तो फुटला की दुर्गंधी पू. हा चाव्याचा गळू. ज्याच्या अंगावर अशा जुन्या खुणा आहेत त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली तर मला आश्चर्य वाटत नाही.

एकाच भांड्यातून खाणं, एकच मातीचा ट्रे, एकमेकांना चाटणं, एकाच गादीवर झोपणं यातून तो क्वचितच जातो. शरीराबाहेर हा विषाणू फार नाजूक आहे, साध्या जंतुनाशकाने आणि वाळल्यानेही मरतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवारागृहात पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह मांजरं एकत्र राहत होती. पुन्हा चाचण्या केल्या तेव्हा निगेटिव्ह मांजरांपैकी एकालाही लागण झालेली नव्हती. त्याच अभ्यासात पॉझिटिव्ह आयांची 19 पिल्लं तपासली, तीही सुटलेली होती. तरी मी तुम्हाला धोका शून्य आहे असं सांगणार नाही. जिथे खूप मांजरं दाटीवाटीने राहतात, कळप सारखा बदलत राहतो, तिथे संसर्ग पसरल्याच्याही नोंदी आहेत. दोन शांत, नसबंदी झालेली मांजरं एका घरात असतील तर धोका फार कमी, एवढं मी खात्रीने म्हणते.

इथे लोकांचा एक घोळ होतो तोही सोडवते. एफआयव्ही, एफईएलव्ही आणि एफआयपी ही तीन नावं सारखी वाटतात म्हणून एकाची माहिती दुसऱ्याला चिकटवली जाते. एफईएलव्ही म्हणजे ल्युकेमियाचा विषाणू. तो प्रेमाने चाटण्यातून, एकत्र खाण्यातूनही जातो आणि एकूण जास्त घातक आहे. एफआयपी हा मांजरांच्या कोरोना विषाणूपासून होणारा पूर्ण वेगळा आजार. ‘एकत्र ठेवू नका’ असा सल्ला कुणी दिला तर तो बहुधा एफईएलव्हीचा असतो. झटपट चाचणीच्या एकाच किटवर बऱ्याचदा एफआयव्ही आणि एफईएलव्ही दोन्ही असतात, तेव्हा तुमच्या कागदावर एफईएलव्हीपुढे काय लिहिलंय ते आधी बघा. तिथेही पॉझिटिव्ह असेल तर माझं उत्तर बरंच बदलेल.

आता निकालावर किती विसंबायचं? एफआयव्हीची झटपट चाचणी विषाणू शोधत नाही. ती विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. मांजराच्या अंगातून हा विषाणू सहसा कधीच जात नाही, त्यामुळे अँटिबॉडी आहेत म्हणजे विषाणूही आहे असं धरतात. यात काही अडचणी आहेत. चावा बसल्यापासून अँटिबॉडी दिसायला साधारण 60 दिवस लागू शकतात, म्हणून ताज्या भांडणानंतरचा निगेटिव्ह निकाल पक्का नसतो. पिल्लांचं उलटं होतं. आईच्या चिकातून आलेल्या अँटिबॉडीमुळे सहा महिन्यांपर्यंतचं पिल्लू संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह दिसू शकतं. अशा पिल्लाला या एका निकालावर मरण देणं हा शुद्ध अन्याय आहे. सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासलं की बहुतेक पिल्लं निगेटिव्ह निघतात. तिसरी अडचण लसीची. 2002 मध्ये अमेरिकेत एफआयव्हीची लस बाजारात आली होती, पुढे उत्तर अमेरिकेत ती बंद झाली. ती घेतलेली मांजरंही अँटिबॉडी चाचणीत पॉझिटिव्ह येऊ शकतात. जिथे ती लस कधी वापरलीच गेली नाही तिथे हा विचार करायचं कारण नाही.

शिवाय निकालाचा अर्थ मांजर कोण आहे यावर अवलंबून असतो. हे थोडं गणित आहे, पण महत्त्वाचं आहे. समजा घरातच वाढलेली 1000 मांजरं तपासली, त्यातल्या 5 जणांना खरोखर संसर्ग आहे, आणि चाचणी 100 निरोगी मांजरांमागे एकाला चुकून पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे 5 खरे पॉझिटिव्ह आणि जवळजवळ 10 खोटे. अशा मांजराचा पॉझिटिव्ह निकाल मी दुसऱ्या कंपनीच्या किटवर किंवा प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्याशिवाय मानत नाही. तुमच्या बोक्याचं तसं नाही. तो प्रौढ आहे, नर आहे, बाहेर वाढला आहे; त्याचा निकाल खरा असण्याची शक्यता बरीच आहे. तरी एक पुनर्तपासणी करून घ्या. पीसीआर चाचणीही असते, ती थेट विषाणूचा अंश शोधते. ती पॉझिटिव्ह आली तर पुरावा भक्कम होतो, पण रक्तात विषाणू फार थोडा असला तर ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तेवढ्यावर ‘सुटलो’ म्हणू नका. मांजरीचीही चाचणी करून घ्या. तिची कसलीच चाचणी झालेली नसेल तर उद्या ती पॉझिटिव्ह निघाली की सगळा दोष बोक्याच्या माथी जाईल.

संसर्ग झाल्यावर पुढे काय होतं? पहिल्या काही आठवड्यांत ताप येतो, मांजर मलूल होतं, लिम्फच्या गाठी सुजतात. बहुतेक वेळा हे इतकं सौम्य असतं की कुणाच्या लक्षातही येत नाही. मग येतो शांत काळ आणि तो वर्षानुवर्षं चालतो. आत विषाणू प्रतिकारशक्तीच्या पेशी, विशेषतः सीडी४ पेशी, हळूहळू कमी करत असतो, पण बाहेरून मांजर धडधाकट दिसतं आणि असतंही. काही मांजरांत शेवटी प्रतिकारशक्ती इतकी ढासळते की तोंडाचे, त्वचेचे, श्वसनाचे आजार पुन्हा पुन्हा होतात, वजन उतरतं, क्वचित वागणूक बदलते. लिम्फोमा या कर्करोगाचा धोकाही इतर मांजरांपेक्षा जास्त असतो. पण सगळीच मांजरं या टप्प्याला पोचत नाहीत. एफआयव्ही असलेली आणि नसलेली मांजरं शेजारी ठेवून केलेल्या बऱ्याच अभ्यासांत आयुष्यमानात मोठा फरक दिसलेला नाही. पुष्कळ जणं म्हातारपणाच्या आजारांनीच जातात, मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. एफआयव्हीचा शिक्का बसला की पुढचं प्रत्येक दुखणं त्याच्याच खात्यात टाकायची सवय लागते. जुलाब झाले, एफआयव्ही. खाणं सुटलं, एफआयव्ही. मग तपास थांबतो. जुलाब जंतांमुळे असतात, खाणं किडलेल्या दाढेमुळे सुटलेलं असतं, आणि या दोन्हींवर उपाय आहे. पॉझिटिव्ह मांजर आजारी पडलं तर निगेटिव्ह मांजरापेक्षा लवकर आणि जास्त कसून तपासायचं असतं, कारण त्याचं शरीर थोडं कमी झुंजतं. ‘याला एफआयव्ही आहे, आता काय करणार’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा: एफआयव्ही सोडून दुसरं काय असू शकतं, आणि ते कसं तपासायचं?

तुमच्या बोक्याच्या बाबतीत ही सुरुवात तोंडापासून करा. घरी उजेडात बसून त्याचा वरचा ओठ हलकेच उचला. दाताच्या कडेने बारीक लाल रेघ असेल आणि दातांवर पिवळा-तपकिरी थर, तर ती साधी हिरड्यांची सूज. दात साफ करून बरीच सुधारते. पण लाली दाढांच्या मागे, घशाच्या तोंडाशी पसरली असेल, मांस फुगून वर आलं असेल, हात लागताच रक्त येत असेल, तर तो वेगळा, फार दुखणारा प्रकार आहे. अशा मांजराची खूण मी मालकाच्या वर्णनावरूनच ओळखते: भूक लागलेली असते, ते धावत ताटलीशी येतं, एक घास घेतं आणि किंचाळून मागे पळतं, जणू अन्नानेच चावा घेतला. पुढच्या पायांवर लाळेचे तपकिरी डाग पडतात, अंग चाटणं बंद होतं, केस गुठळ्या धरतात. यात नुसती अँटिबायोटिकं आलटून-पालटून देत राहिल्याने महिने वाया जातात. भूल देऊन दातांचे एक्स-रे काढायचे आणि गरजेप्रमाणे दाढा, कधी सगळेच दात, काढून टाकायचे हा उपाय बहुसंख्य मांजरांना खरा आराम देतो. बिनदाताचं मांजर मऊ अन्न छान खातं. एफआयव्ही आहे म्हणून भूल चालणार नाही ही समजूत चुकीची आहे. आधी रक्त तपासून, शस्त्रक्रियेच्या वेळी संसर्गाची जास्त काळजी घेऊन ही मांजरं भुलेतून नीट बाहेर येतात. नसबंदीही याच कारणाने पुढे ढकलू नका. ती झाल्यावर त्याचं हिंडणं आणि भांडणं दोन्ही कमी होईल.

औषधांबद्दल दोन शब्द. एफआयव्ही मुळापासून काढणारं औषध नाही. झिडोव्हुडिन हे माणसांच्या एचआयव्हीवरचं औषध काही मांजरांना, तोंडाचा तीव्र दाह किंवा मेंदूची लक्षणं असतील तर, उपयोगी पडतं. पण त्याने रक्त कमी होऊ शकतं, म्हणून नियमित रक्ततपासणीशिवाय देत नाहीत. अशी तीव्र लक्षणं नसलेल्या तुमच्या बोक्याला आज ते नको. बाजारात मिळणाऱ्या प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी आणि थेंबांनी फरक पडतो असं मला कधी दिसलेलं नाही. आणि एक धोक्याची सूचना लक्षात ठेवा: बोक्याला नायटा झाला तर ग्रिसिओफुल्विन हे औषध देऊ नका. एफआयव्ही असलेल्या मांजरात त्याने पांढऱ्या पेशी जिवावर बेतेल इतक्या घसरू शकतात. बुरशीवर दुसरी औषधं आहेत. डॉक्टर नवे असतील तर त्यांना बोका पॉझिटिव्ह आहे हे आधीच सांगा. स्टिरॉइडही विचार करूनच, कमीत कमी काळ.

रोजच्या सांभाळाचं फार अवघड काही नाही. त्याला घरात ठेवा. बाहेरची मांजरं त्याच्यापासून वाचतील आणि तो बाहेरच्या जंतूंपासून वाचेल. कच्चं मांस, कच्ची अंडी, न उकळलेलं दूध नको. निरोगी मांजर ज्या जंतूंना पचवतं ते याला महागात पडू शकतात. जंतांचं आणि पिसवांचं औषध वेळेवर द्या. नेहमीच्या लसी आणि रेबीज चुकवू नका. कोणत्या प्रकारची लस द्यायची ते डॉक्टर त्याची तब्येत बघून ठरवतील. दर सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा रक्त-लघवी. या सगळ्यात मी सर्वांत जास्त महत्त्व वजनाला देते. घरच्या काट्यावर महिन्यातून एकदा आधी स्वतःचं, मग त्याला कडेवर घेऊन वजन करा, फरक वहीत लिहा. काटा बारीक फरक दाखवणारा असेल तर उत्तमच. बाकी काही दिसायच्या आधी वजन बोलतं.

मांजरीशी त्याची गाठ कशी घालून द्यायची यावर खरा भर द्या, कारण भांडण टळलं की संसर्गही जवळजवळ टळतो. पहिले काही आठवडे बोका वेगळ्या खोलीत, त्याची भांडी आणि ट्रे वेगळे. त्याच्या अंगाला पुसलेलं फडकं तिच्या जागी ठेवा, तिचं त्याच्याकडे. दाराच्या दोन बाजूंना दोघांना एकाच वेळी खायला द्या. मग फटीतून नजरानजर, मग तुम्ही समोर असताना थोडा वेळ एकत्र. फिसकारण्याने घाबरू नका, ते ‘लांब राहा’ म्हणणं आहे. मला काळजी वाटते ती टक लावून बघण्याची: कान मागे, शेपटीचं टोक हलतंय, एक जण दाराशी किंवा ट्रेच्या वाटेवर बसून दुसऱ्याला अडवतोय. असं दिसलं तर एक पायरी मागे जा. दोघांसाठी मिळून तीन ट्रे, खाण्यापिण्याच्या वेगवेगळ्या जागा आणि उंचावर बसायच्या दोन-तीन जागा असल्या की बरीच कटकट मिटते. नसबंदीनंतरही बोक्याचे हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, तोवर घाई नको.

हे सगळं करूनही दोघं रक्त निघेपर्यंत भांडत राहिली, तर एकत्र ठेवायचा हट्ट सोडा. घराचे कायमचे दोन भाग करणं किंवा बोक्यासाठी एकट्या मांजराचं घर शोधणं हे अशा वेळी योग्यच आहे, त्यात कमीपणा नाही. तुमच्या घराची रचना, तुमचा वेळ, मांजरीचा स्वभाव यावर ते ठरेल आणि ते तुम्हीच ठरवू शकता. दयामरणाचा विचार मी फक्त तेव्हा करते जेव्हा मांजराला वेदना आहेत, उपचारांना दाद मिळत नाही, आणि खाणं, अंग चाटणं, माणसाजवळ येणं हे सगळं त्याने सोडलं आहे. तुमच्या वर्णनातला बोका त्याच्या जवळपासही नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा: कागदावरचा एफईएलव्हीचा रकाना बघा, मांजरीची चाचणी करून घ्या, बोक्याची पुनर्तपासणी आणि तोंडाची नीट तपासणी एकाच भेटीत उरका. लाली दाढांच्या मागे आहे की नुसती दातांच्या कडेला, ते डॉक्टरांकडून नेमकं विचारून घ्या आणि मला कळवा. दात काढायचे की नुसते साफ करायचे, हे त्यावरून पुढे बोलता येईल.